ओल्या हरभऱ्यांच्या पुड्या

त्या निवडणुकीत परदेशातल्या यिशुन ह्या उपनगरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये बसायला जागा उरली नव्हती. सोफ्यावर पत्रकं, जेवणाच्या टेबलावर पत्रकं, बाबांच्या आरामखुर्चीत पत्रकं, आणि देव्हाऱ्याशेजारी भिंतीला टेकवून ठेवलेले गठ्ठे, ज्यांच्यामुळे आईला समई लावताना अंग चोरून वाकावं लागे. प्रत्येक पत्रकावर मॅडमचा फोटो. घरात जिकडे बघावं तिकडे मॅडम हसत होत्या. "ही बाई मला भाजी फोडणीला टाकतानासुद्धा बघते गं," आई म्हणायची आणि ओट्यावरचा गठ्ठा उपडा करून ठेवायची. मी संध्याकाळी येऊन तो पुन्हा सुलटा करायचे, मग शाईचा वास तेलात मिसळू नये म्हणून आई त्यावर ताट झाकायची आणि ताटाचा ओला गोल सगळ्यात वरच्या मॅडमच्या कपाळावर उमटायचा.

मॅडम आमच्या भागाच्या खासदार. गेल्या खेपेला थोडक्यात निवडून आल्या होत्या आणि ह्या खेपेला समोरचा उमेदवार तरुण, गोड बोलणारा, नव्या इमारतींतल्या तरुण आयांना आवडेल असा. सगळे म्हणत होते, ह्या वेळी बाई जाणार. मी चोवीस वर्षांची होते आणि बाई जाणार हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं. कारण दोन वर्षं मी दर आठवड्याला ब्लॉकखालच्या त्यांच्या ऑफिसात टेबल घेऊन बसत होते. लोक नंबर लावून यायचे आणि आपली रड सांगायचे, आणि आम्ही स्वयंसेवक त्यांची पत्रं लिहून मॅडमच्या सहीला पाठवायचो. कुणाची लिफ्ट मजल्यावर थांबत नाही, कुणाच्या भाड्याच्या खोलीत सहा माणसं, कुणाच्या आईचा व्हिसा संपलाय. रात्री घरी आले की मला झोप लागायची नाही. ती सगळी चीड मी पत्रकांत ओतायला शिकले. पत्रकाचे नियम तेव्हा मला तोंडपाठ होते आणि अजून आहेत: पहिली ओळ जाळीच्या दारापलीकडून वाचता आली पाहिजे. एका घडीत एकच गोष्ट. आणि जे झालं ते कुणी केलं हे नाव घेऊन सांगायचं, 'चूक झाली' असं म्हणून सुटायचं नाही. हा शेवटचा नियम मी स्वतः नव्या मुलांना टेबलावर हात आपटून शिकवायचे.

प्रचाराला इथे जेमतेम नऊ दिवस मिळतात. नऊ दिवसांत शेकडो दारं. ब्लॉकच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर लिफ्टने जायचं आणि जिन्याने एकेक मजला खाली उतरायचं, ही आमची रीत. मॅडमचे गुडघे गेलेले होते. प्रत्येक मजल्यावर त्या हसत हसत बेल वाजवायच्या, हात जोडायच्या, लहान मुलाच्या गालाला हात लावायच्या, आणि जिन्यात वळलं की कठड्याला धरून डोळे मिटायच्या. चौथ्या दिवसापासून मलाही पायऱ्यांची स्वप्नं पडू लागली. खाली भोंगा लावलेली लॉरी चार भाषांत तेच तेच बोलत फिरत असायची, पहाटे अंधारातच कोकिळ सुरू व्हायचे, आणि त्या दोन्हींच्या मधे आमच्या कुकरच्या शिट्ट्या. आई रोज माझ्यासाठी वरणभात झाकून ठेवायची. मी उभ्या उभ्या खायचे. "बस तरी," ती म्हणायची. "कुठे बसू?" मी विचारायचे, आणि दोघी त्या गठ्ठ्यांकडे बघायचो.

आता आईबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. बाबा जहाजावर चीफ इंजिनिअर होते. मी शाळेत असताना त्यांनी इथलं नागरिकत्व घेतलं, त्यांच्याबरोबर मलाही मिळालं. आईने घेतलं नाही. तिचं म्हणणं, घरातल्या एकाने तरी तिकडचा पासपोर्ट ठेवावा, नाशिकला तिची आई होती तेव्हा. म्हणून आई पीआरच राहिली, कायमची रहिवासी, पण नागरिक नाही. पीआर माणसाला देशाबाहेर जाऊन परत यायचं तर परमिट लागतं, ते मुदतीचं असतं, आणि मुदत वाढवून मिळेलच असं नसतं; त्याशिवाय बाहेर पडलं की इथला हक्कच जातो. बाबा होते तोवर पाच पाच वर्षांचं मिळायचं. बाबा गेले आणि त्यानंतर मिळालं ते एका वर्षाचं. नवरा नाही, नोकरी नाही, एवढंच काय ते कागदावर आईबद्दल उरलं होतं. ते वर्ष निवडणुकीनंतर दीड महिन्यात संपत होतं. अर्ज केलेला होता, उत्तर आलं नव्हतं. दुसऱ्यांच्या आयांसाठी मी अशी कितीतरी पत्रं लिहिली होती, पण स्वतःच्या आईसाठी मॅडमकडे शब्द टाकायचा नाही असं मी ठरवलं होतं. तत्त्व म्हणे. आज त्या तत्त्वाचं मला हसू येत नाही, थकवा येतो.

प्रचाराच्या मधोमध अक्षयतृतीया आली. आमच्याकडे चैत्रगौर बसायची, पितळी, इवल्याशा झोपाळ्यावर, आणि अक्षयतृतीयेच्या आत एक दिवस हळदीकुंकू. मजल्यावरच्या सगळ्या बायका यायच्या. आंबेडाळ, पन्हं, ओले हरभरे. समोरच्या दारातल्या माक चिक रोकिया, म्हणजे मलय रोकियाकाकू, कुंकू नको म्हणायच्या पण आंबेडाळ दोनदा घ्यायच्या. बाबा गेल्यानंतर आईने ते बंद केलं होतं. गौर बसवायची, पण कुणाला बोलवायचं नाही. त्या वर्षी लिफ्टमध्ये माक चिकनी तिला धरलं. "यावर्षी मँगोडाळ नाही? दोन वर्षं झाली! माझी सून विचारते."

आईने मला सांगितलं ते पाट लावता लावता, सहज सांगावं तसं. मग म्हणाली, "पण मी कसं करणार गं? माझं आता ते राहिलं नाही."

मी दिवसभर दारं वाजवून आले होते, अंगात वारं भरलेलं. मी भाषणच ठोकलं. "राहिलं नाही म्हणजे काय? कुणी ठरवलं? इथे यिशुनमध्ये कोण बसलंय तुला अडवायला? नवरा गेला म्हणून बाईने डाळ वाटायची नाही? आई, तू करच. मी सांगते तू कर."

"पत्रकातलं बोलतेस," आई म्हणाली. पण तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. रात्री तिने हरभरे भिजत घातले, वाटीने मोजून नाही, ओंजळीने. दुसऱ्या दिवशी टेक्का मार्केटला जाऊन कैऱ्या आणल्या. परतल्यावर दमून दारातच बसली आणि भिंतीकडच्या एका गठ्ठ्याला हात लावून म्हणाली, "हा इतके दिवस इथेच आहे. नेत का नाहीस?"

"तो फुकट गेलाय. तमिळ मजकूर उलटा छापलाय. टाकून द्यायचाय," मी बूट चढवता चढवता म्हणाले.

"एवढा कागद?"

"हो, एवढा कागद," मी म्हणाले आणि दार ओढून घेतलं.

आईचे वडील नाशिकला किराणा दुकान चालवायचे. कागदाचा तुकडा हातात आला की आईची बोटं आपोआप चालतात. एक कोपरा आत, एक वेटोळं, टोक दुमडलं की पुडी तयार, डिंक नको, दोरा नको. इतकी घट्ट की ओले हरभरे घातले तरी थेंब गळत नाही. जाड, गुळगुळीत कागद होता आमचा. तिने त्या फुकट गेलेल्या गठ्ठ्याच्या पुड्या केल्या, एकसारख्या, आणि त्यात हरभरे भरून परातीत उभ्या मांडल्या. मी हे पाहिलं नाही. मी तेव्हा सात ब्लॉक पलीकडे एका आजोबांना समजावत होते की दर वेळी तीच ती माणसं का निवडायची नसतात, किंवा का निवडायची असतात. आता आठवत नाही, कारण समोरचा माणूस बघून आम्ही दोन्ही बोलायचो.

दुपारी जिन्यात असताना फोन थरथरला. केल्विनने फोटो पाठवला होता. केल्विन आमचा प्रचारप्रमुख, एरवी विमा विकायचा, आणि इथल्या रीतीने वाक्यामागे 'लाह' लावायचा. फोटोत आमची बैठकीची खोली. माक चिक रोकिया, त्यांची सून, वरच्या मजल्यावरच्या दोन तमिळ बहिणी, सगळ्या हसतायत. आणि प्रत्येकीच्या हातात एक पुडी, प्रत्येक पुडीवर मॅडमचा अर्धा चेहरा आणि वरून डोकावणारे हरभरे. सुनेने कौतुकाने ब्लॉकच्या ग्रुपवर टाकला होता, खाली बदामाची चित्रं. तिथून कुणीतरी पुढे ढकलला, आणि पुढच्याने खाली लिहिलं होतं: खासदारबाई मतदारांना खाऊ वाटतायत, वाह.

इथे मतदाराला खाऊ घालून मत मागणं हा गुन्हा आहे. आणि त्याहून वाईट असं, की जो नागरिक नाही त्याने प्रचाराला बोटही लावायचं नाही. दोन्ही गोष्टी मी नव्या स्वयंसेवकांना पहिल्याच दिवशी सांगायचे. पत्रकं घरी आणताना मी आईला म्हणालेही होते, घडी घालायला मदत करू नकोस हं. तेवढंच म्हणाले होते. पुडी घडी नसते, हे आईच्या बाजूने बरोबरच होतं.

ऑफिसात केल्विन उभा होता, पंख्याच्या वाऱ्याने त्याचा टाय उडत होता. "हे काय आहे गार्गी? सांग मला, हे काय आहे?"

"हरभरे."

"हरभरे आहेत ते दिसतंय लाह! पेपर आपला आहे! घर कुणाचं?"

"माझं."

"वाटतंय कोण?"

मी मान वळवली. कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत मॅडम बसल्या होत्या, एक बूट काढलेला, दोन्ही हातांनी गुडघा दाबत. मला वाटलं, ह्यांना सांगावं. ह्यांच्यासमोर दोन वर्षं मी दुसऱ्यांच्या आया मांडल्या होत्या. मी म्हणाले, "मॅडम, ती माझी आई आहे, आणि ती..."

"सांगू नकोस," मॅडम म्हणाल्या. मान वर न करता. आवाज मऊ होता. "तू सांगितलंस तर मला माहीत होईल. माहीत झालं तर मला काहीतरी करावं लागेल."

बाहेर मुलं सायकलची घंटी वाजवत होती. ह्या एका वाक्याचा मी इतक्या वर्षांत किती वेळा कीस काढला असेल. कधी वाटतं, बाईने माझ्या आईला वाचवलं. समोर आलेला कागद तिने वाचलाच नाही, म्हणून तो कुठे गेला नाही. कधी वाटतं, तिने स्वतःची जागा वाचवली, आणि आम्ही वाटेत होतो म्हणून आपोआप वाचलो. दोन्ही खरं असावं. त्या दिवशी मात्र मला फक्त इतकं कळलं, की मी ज्या बाईसाठी शेकडो जिने उतरले तिला माझ्या घराबद्दल काही ऐकायचं नाहीये.

"खुलासा काढायला हवा, संध्याकाळच्या आत," केल्विन म्हणाला. मग जरा ओशाळून, "तूच लिही ना. तुझ्याइतकं चांगलं कुणाला जमत नाही."

मी लिहिलं. अर्ध्या तासात. सदोष छपाईमुळे रद्द झालेले काही कागद एका स्वयंसेविकेच्या घरी राहून गेले. खासगी धार्मिक प्रसंगी ते नजरचुकीने वापरले गेले. ह्या प्रसंगाचा प्रचाराशी संबंध नाही. संबंधित स्वयंसेविकेला कामातून मुक्त करण्यात आले आहे. राहून गेले, वापरले गेले. कुणी वापरले ते कुठेच नाही. टेबलावर हात आपटून शिकवलेला माझाच नियम मी ओळीओळीने मोडला. केल्विनने वाचलं आणि म्हणाला, "वाह. व्हेरी क्लीन." मग माझ्या गळ्यातला ओळखपत्राचा पट्टा मागितला. मी तो काढून दिला. मॅडम तोवर बूट घालून पुढच्या ब्लॉककडे निघाल्या होत्या. दारात त्यांनी माझ्या खांद्याला हात लावला.

घरी आले तर दारात माक चिक रोकिया उभ्या. डोळे लाल. "सुनेला बोलले मी, काढून टाक म्हटलं, काढला तिने. पण गेला ना सगळीकडे." माझा हात धरून म्हणाल्या, "पोलीस आले ना, तर मी सांगते. डाळ मी मागितली. मी! तुझी आई नाही." मी त्यांना सांगितलं की कुणी येणार नाही. मला ते माहीत नव्हतं.

आत आईने सगळं आवरलं होतं. गौर झोपाळ्यासकट डब्यात गेली होती, परात घासून पालथी. उरलेली आंबेडाळ तिने बेसिनमध्ये ओतली होती हे वासावरून कळत होतं. ती बाबांच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसली होती.

"मी जाऊन सांगते," ती म्हणाली. "तुझ्या त्या बाईला. मी केलं, मला ठाऊक नव्हतं. माणसं समजून घेतात."

"तू कुठेही जायचं नाहीस."

"अगं, पण तुझं काम..."

"गेलं ते. झालं." मी फोन तिच्यापुढे धरला. तिला इंग्रजी वाचायला वेळ लागतो, ओठ हलवत वाचते. दोनदा वाचलं.

"ह्यात मी कुठे आहे?"

"कुठेच नाहीस. तेच तर करायचं होतं."

"हळदीकुंकू माझं होतं, गार्गी. तीन वर्षांनी केलेलं."

आणि मी ओरडले. दिवसभर कुणावरच ओरडता आलं नव्हतं ते सगळं तिच्यावर. "तू नव्हतीस! कळतंय? कुणी विचारलं तर तू घरी नव्हतीस, तू काही केलं नाहीस, तू नाहीचेस! दीड महिन्यात परमिट संपतंय, नवं नाही दिलं तर काय करशील? नाशिकला कोण आहे आता तुझं?"

आजी जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. आईने फोन माझ्या हातात दिला, पदराला हात पुसले आणि कुकर लावायला उठली. मला वाटतं मी तिला 'तू करच' म्हणाले होते तेव्हाही ती अशीच उठली होती, फक्त तेव्हा तिचं पाऊल हलकं होतं.

पुढचे दिवस मी घरातच होते. प्रचार संपला, एक दिवस शांततेचा झाला, मग मतदान. मी ब्लॉकजवळच्या शाळेत रांगेत उभी राहिले, केल्विन लांबून बघून न बघितल्यासारखा गेला, आणि मी मॅडमनाच मत दिलं. दुसरा उमेदवार मला आवडत नव्हता म्हणून, आणि दुसरं काही करायची ताकद नव्हती म्हणून. मॅडम निवडून आल्या. गेल्या वेळेपेक्षाही थोडक्यात. ग्रुपवर सगळे नाचत होते. कुणी तक्रार केली नव्हती. त्या फोटोची जागा दुसऱ्याच दिवशी कुठल्या तरी दुसऱ्या फोटोने घेतली होती. पुढे आईचं परमिटही आलं, पाच वर्षांचं, आणि आईने ते माझ्या पासपोर्टबरोबर एकाच पिशवीत ठेवलं. मी त्या ऑफिसात परत गेले नाही. पत्रकं अजून लिहिते, भाडेकरूंची, मोलकरणींची, पण सहीची जागा माझी असते.

परमिट मात्र नंतर आलं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी ते आलेलं नव्हतं. त्या सकाळी मॅडम उघड्या लॉरीवर उभ्या राहून आभार मानत यिशुनभर फिरत होत्या. भोंगा चार भाषांत थँक्यू म्हणत आमच्या ब्लॉकखाली आला. खिडक्याखिडक्यांतून लोक बाहेर डोकावत होते. माक चिक रोकिया टॉवेल हलवत होत्या. मी सोफ्यावरून उठले नाही. आता तिथे बसायला भरपूर जागा होती.

आई स्वयंपाकघराच्या खिडकीशी होती. तिचा हात खांद्यापर्यंत वर गेलेला मला दिसला. मग तो तिथेच थांबला, आणि तिने तो खाली घेऊन ओट्यावर ठेवला.

"गार्गी," तिने मागे न वळता विचारलं, "हात हलवलेला चालतो का?"

मला तो कायदा कलमासकट पाठ होता. तरी उत्तर द्यायला मला वेळ लागला.

"चालतो, आई," मी म्हणाले. तोवर लॉरी पुढच्या ब्लॉककडे वळली होती.